बागेत सिंक बसवायचंय ना, मग आधी खड्डा खणा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. पुण्यात धायरीला रो-हाऊस, मागं १० बाय १२ ची बाग, कुंड्या आणि भाजी किचनच्या सिंकमध्ये धुता त्यामुळे मातीने किचनची लाइन दोनदा तुंबली, म्हणून आता मागच्या भिंतीला एक साधं सिंक हवंय, फार खर्च नको, आणि सासूबाईंनाही वापरता आलं पाहिजे. सिंक कुठलं घ्यायचं आणि नळाचं पाणी कुठनं घ्यायचं असं विचारलंय तुम्ही. दोन्ही सांगतो, पण पाणी येणार कुठनं ते विचारलंत, जाणार कुठं ते विचारलंच नाहीत. मी २२ वर्षं हीच कामं करतोय, आधी नुसतं प्लंबिंग, नंतर बागांचंही बघायला लागलो, आणि बाहेरच्या सिंकसाठी जे फोन येतात ना त्यातले नळाचे फार थोडे, बाकी सगळे खालच्या पाण्याचेच.

माझंच पहिलं सिंक सांगतो. २००४ साली आमच्या घरामागं हौसेनं बसवलं आणि खालचा पाइप कंपाउंडच्या भिंतीशी सोडून दिला, म्हटलं दोन बादल्या तर पाणी, जिरेल. जिरलं ना, शेजारच्यांच्या भिंतीत. त्यांनी दिवाळीला रंग दिला होता, होळीपर्यंत गुडघाभर उंचीपर्यंत पोपडे. काकू मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, फक्त आईला चहाला बोलावलं आणि चहा त्या भिंतीसमोर दिला. पुढचं मी आईकडनं ऐकलं. रंगाचे पैसे मी भरले, आणि लोक मला काम द्यायचे ते प्लंबर म्हणून, त्यामुळे लाज वेगळीच.

तर सिंक आणायला जायच्या आधी पहार आणि फावडं घ्या. जिथं पाणी सोडायचं मनात आहे तिथं फूटभर रुंद आणि अडीच-तीन फूट खोल खड्डा घ्या. तो एकदा पाण्यानं भरा आणि पूर्ण जिरू द्या, हे पहिलं पाणी मोजायचं नाही, कोरडी माती पहिल्यांदा अधाशासारखी पिते आणि आपण फसतो. मग परत वीतभर पाणी ओता, एक काठी उभी रोवा, पाणी जिथं टेकलंय तिथं खडूनं खूण करा आणि घड्याळ लावा. अर्ध्या तासात इंचभर किंवा जास्त उतरलं तर शोषखड्डा, म्हणजे पाणी जमिनीत जिरवायचा दगडांनी भरलेला खड्डा, आरामात चालणार. तासाभरात इंचभर पण उतरलं नाही तर त्या जागेचा नाद सोडा. पुण्यात हे जागोजागी बदलतं, मुंढवा, मांजरी, फुरसुंगी त्या बाजूला काळी माती, ती पाणी धरून बसते, पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हाताची बोटं जातील एवढ्या भेगा पडतात. बावधन, सूस, म्हणजे टेकड्यांच्या अंगाला मुरूम लागतो, त्यातनं पाणी झटकन जातं, पण खाली कातळ वर आलेला असेल तर तेच पाणी कढईत बसल्यासारखं बसतं. आणि रो-हाऊसच्या मागच्या बागेत तर बिल्डरनं काय भरलंय ते देव जाणे, मी खणताना टाइल्सचे तुकडे, सिमेंटच्या गोण्या आणि एकदा अख्खा कमोड काढलाय. म्हणून म्हणतो, शेजारच्यांकडं जिरतंय म्हणून आपल्याकडं जिरेल असं धरू नका.

पाणी जिरत असेल तर खड्डा २ बाय २ फूट आणि ३ फूट खोल पुरे. हिशेब सांगतो, तो १२ घनफुटाचा झाला, म्हणजे साधारण ३४० लिटर, दगडांनी भरल्यावर मधल्या फटी धरून त्यात १२०-१३० लिटर पाणी मावतं, घरच्या सिंकला दिवसाला तीन-चार बादल्यांच्या वर पाणी जात नाही. जागा कुठं, तर तुमच्या १२ फुटाच्या बाजूनं मोजा, घराच्या भिंतीपासून ७ फूट सोडा, २ फुटाचा खड्डा, पलीकडं कंपाउंडला ३ फूट राहतात. बरोब्बर बसतंय. जागा असती तर घरापासून १० फूट सोडा म्हणालो असतो, पण आहे त्यात हे चालेल. मात्र बोअर तुमच्याच आवारात असेल तर शोषखड्डा करूच नका, साबणाचं पाणी आपल्याच पिण्यात कशाला.

खड्ड्यात खाली नारळाएवढे दगड, वर विटांचे रोडे, त्यावर खडी, मग जुन्या शेडनेटची दोन पदरी घडी आणि वर सहा इंच माती. लोक गोणपाट टाकतात, ते दोन वर्षांत कुजतं आणि माती खाली उतरून सगळं गच्च होतं, शेडनेट टाका. खड्ड्याच्या कडेनं कर्दळ लावा, पाणी पिते जाम आणि दिसतेही छान. पेठेतल्या वाड्यांमध्ये मागच्या दारी मोरी असायची आणि तिच्या पाण्यावर अळू आणि केळी पोसायच्या, ते काही कोणी इंजिनियरनं सांगितलं नव्हतं. अळू लावलात आणि तो खायचा असेल तर मात्र त्या सिंकला डिटर्जंट बंद, कपड्याच्या पावडरीतला सोडा मातीत साठत जातो, माती दगडासारखी होते आणि मग तेच पाणी जिरायचं थांबतं. भाजी आणि कुंड्याच धुवायच्या असतील तर साबण लागतोच कुठं.

पाणी जिरतच नसेल तर दुसरा रस्ता, किचनच्या मागं जमिनीत एक छोटं जाळीवालं चेंबर असेल, त्याला गली ट्रॅप म्हणतात, तिथं हा पाइप नेऊन सोडा. त्या ट्रॅपमध्ये पाणी कायम उभं असतं त्यामुळे वास वर येत नाही, सिंकला वेगळा ट्रॅप लागत नाही. सोसायटी असेल तर आधी विचारून घ्या, नंतर मीटिंगमध्ये विषय नको. आणि पावसाच्या पाण्याच्या लाइनीत चुकूनसुद्धा सोडू नका, ती लाइन ओढ्या-नाल्याला जाते.

आता माती. तुमची किचनची लाइन मातीनंच तुंबली ना, मग तीच माती नव्या पाइपात सोडून काय साधणार. सिंकच्या खाली बाटलीसारखा जो ट्रॅप लावतात तो बागेत अजिबात लावू नका, महिन्याभरात चिखलानं भरतो. त्याऐवजी पेंटची २० लिटरची झाकणवाली बादली घ्या. सिंकच्या जाळीखाली वेस्ट पाइप लावायचा, तो झाकणाला भोक पाडून बादलीत सोडायचा. बादलीच्या बाजूला वरनं तीन इंच खाली दुसरं भोक, त्यात टँक निपल (भोकात दोन्ही बाजूंनी आवळून बसणारा आट्यांचा जोड) बसवून दीड इंची पाइप शोषखड्ड्याकडं न्यायचा. माती तळाशी बसते, वरचं निवळ पाणी पुढं जातं. एवढंच आहे ते. पंधरा दिवसांनी झाकण उघडून तळाचा गाळ काढायचा आणि परत कुंडीत टाकायचा, आपलीच माती आहे ती, खतासकट. एका गिऱ्हाइकानं मला विचारलं होतं की याला काही रेडिमेड मिळत नाही का, मिळत असेल हो, पण बादली घरात पडलेली असते.

बादलीत पाणी उभं राहतं, म्हणजे डास. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून झाकण घट्ट पाहिजे, पाइपच्या भोवतीची फट सिलिकॉननं बंद करायची, आणि जून ते सप्टेंबर आठवड्यातनं एकदा बादली पूर्ण रिकामी करायची, कोरडा दिवस पाळा म्हणतात तो हाच. पावसाळ्यात महापालिकेची माणसं तपासायला येतात, अळ्या सापडल्या की नोटीस देतात, आणि त्यांनी बादलीचं झाकण उघडल्यावर आपण कितीही समजावलं तरी ते अळ्याच बघणार.

पाइपाला उतार १० फुटाला ३ इंच द्या, तुमच्या ७ फुटाला दोन-सव्वादोन इंच येतात. नजरेनं देऊ नका, गवंड्याकडं पारदर्शक लेव्हल ट्यूब असते ती लावा. उतार कमी दिला तर राहिलेली बारीक माती पाइपात बसते.

इथपर्यंत आलात की अवघड काम संपलं. आता सिंक, ज्यावर लोक सगळा वेळ घालवतात. स्टीलचं सिंगल बाऊल घ्या, २४ बाय १८ इंच, खोली ८-९ इंच, यात कुंडी आडवी मावते. शोभेचं चिनी मातीचं बेसिन नको, एकदा लावून दिलं होतं मी एकांच्या हट्टापायी, दुसऱ्याच महिन्यात हातातनं कुंडी सटकली आणि बेसिनला मधोमध तडा. दुकानात ३०४ आणि २०२ असे दोन ग्रेड सांगतील. ३०४ मध्ये निकेल जास्त असतं, उन्हापावसात टिकतं. २०२ स्वस्त, पण उघड्यावर त्याला चहाच्या डागासारखे तांबूस ठिपके येतात. दुकानदार खिशातनं चुंबक काढून "बघा चिकटत नाही, म्हणजे ३०४" असं दाखवतो, त्याला भुलू नका, २०२ ला पण चुंबक धड चिकटत नाही. शिक्का आणि बिल बघा. बाकी पैसे वाचवायचे तर जुन्या बाजारात रविवारी चक्कर मारा, हॉटेलातून निघालेली जाड पत्र्याची सिंकं कधीकधी मिळतात, उलटं करून कोपऱ्यातले वेल्डिंगचे जोड बघायचे आणि पिन-होल आहे का ते उन्हाकडं धरून. मी घरी आत्ता वापरतोय ते तिथलंच, कुठल्याशा खानावळीचं, कडेला कोणीतरी खिळ्यानं "मोठे भांडे" असं कोरलंय.

स्टँडचं म्हणाल तर माझी पसंती वीट आणि कडप्प्याला. दोन खांब नऊ इंची विटांचे, खाली फूटभर खणून मुरूम ठोकून त्यावर काँक्रीटचा थर, नाहीतर काळ्या मातीत खांब एका पावसात कलतो. एकास सहा सिमेंटचा माल, वर दोन फुटी कडप्पा, त्यात सिंकच्या मापाची कटिंग. कटिंग दुकानातच करून घ्या आणि सिंक बरोबर घेऊन जा, माप तोंडी सांगितलं की अर्धा इंच चुकतोच. विटांवर सात दिवस पाणी मारायचं, कोणी म्हणेल तीन दिवस पुरे, म्हणू दे. लोखंडी अँगलचं स्टँड पण होतं आणि एका दिवसात होतं, पण रेड ऑक्साइड नीट दोन हात मारायला वेल्डर कंटाळतात आणि जमिनीला टेकलेला पाय आधी गंजतो, म्हणून खालचे सहा इंच काँक्रीटच्या ठोकळ्यात नाहीतर विटेवर घ्या. जुन्या शिलाई मशीनचं बिडाचं स्टँड कोणाकडं पडलं असेल तर त्याच्यावर कडप्पा टाकून फार देखणं सिंक होतं, पायडल तसंच राहू द्यायचं, लहान मुलं मारत बसतात.

उंची सगळ्यात दुर्लक्षित. ओट्याच्या मापानं करू नका. उभं राहून हात सरळ खाली सोडा, मुठीच्या उंचीला सिंकचा तळ आला पाहिजे, म्हणजे वाकावं लागत नाही. सासूबाईंना वापरायचंय म्हणालात, तर माप त्यांच्या हाताचं घ्या, तुमच्या नाही. एका ठिकाणी मी सूनबाईंच्या मापाचं केलं होतं आणि आजी स्टूल घेऊन मेथी धुवायच्या, ते स्टूल शेवाळलेल्या फरशीवर. मी ते बघितलं त्या दिवशीच दोन विटांचे थर उतरवले. समोर उभं राहायच्या जागी शहाबादी टाका ती घासलेली नको, खरबरीत बाजू वर करून टाका, आणि तिचा उतार कर्दळीकडं.

नळाचं पाणी वरच्या टाकीच्या लाइनीतनं घ्या, कॉर्पोरेशनच्या डायरेक्ट लाइनीला हात नको, तिथं ठराविक वेळेलाच पाणी असतं, नसलं की तुम्ही नळ उघडा ठेवून विसरणार आणि पहाटे सिंक वाहणार. टाकी २० फुटांवर असेल तर प्रेशर बागेला भरपूर होतं, पंप-बिंप लागत नाही. टॅपिंग म्हणजे फाटा घेतल्या घेतल्या पहिला बॉल व्हॉल्व टाका, बाहेर काही फुटलं तर घराचं पाणी बंद न करता एवढंच बंद करता येतं. सीपीव्हीसी (गरम पाणीही सोसणारा प्लास्टिकचा पाइप) पाऊण इंची आणा, शेवटी अर्धा इंची करा. उन्हात उघडा राहणारा पाइप ठिसूळ होतो म्हणून त्याला पाण्यात मिसळणारा पांढरा रंग मारा, ऑइल पेंट नको. सोल्युशन सीपीव्हीसीचंच घ्या, पांढऱ्या यूपीव्हीसीच्या डब्यातलं उरलंय म्हणून तेच लावलं की गळती ठरलेली.

नळ दोन ठेवा, एक सिंकवर, कडेपासून दहा इंच वर, म्हणजे खाली झारी आणि बादली दोन्ही जातात. दुसरा खाली, होजपाइपचा. आणि या दुसऱ्याला भिंतीत पक्का आधार पाहिजे. काय होतं बघा, माणूस बागेच्या टोकाला असतो, पाइप कुंडीला अडकतो, तो मागं वळून बघत नाही, नुसता हिसका देतो, आणि तो हिसका थेट नळाच्या मागच्या एल्बोवर येतो. प्लास्टिकचा एल्बो असेल तर कट्ट. म्हणून नळ जिथं बसतो तिथं पितळी आटे असलेला एल्बो आणि दोन्ही बाजूंना क्लॅम्प, भिंतीतल्या भोकात गिट्टी (प्लग) ठोकून, नुसत्या खिळ्यावर नाही. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनं गुंडाळा, उलटी गुंडाळली की नळ फिरवताना ती सुटून बाहेर येते, दहा-बारा वेढे द्या, कंजुषी नको. या नळाच्या मागं नॉन-रिटर्न व्हॉल्व टाका, कारण होजचं तोंड शेणखताच्या बादलीत बुडालेलं असताना वरची टाकी रिकामी झाली तर ते पाणी उलटं ओढलं जाऊ शकतं, आणि तीच लाइन तुमच्या किचनला जातेय.

पितळी नळ की प्लास्टिकचा, तर मागचं दार रस्त्याला उघडत असेल तर प्लास्टिकचा. पितळी नळ रात्रीत जातो, आणि नुसता नळ जात नाही, पाणी रात्रभर वाहत राहतं. बोअरचं पाणी असेल तर जाळीवाला फेसाचा नळ घेऊ नका, क्षारानं दोन महिन्यांत तोंड बसतं. स्टीलवर पांढरे डाग पडले तर लिंबाची फोड चोळून लगेच पाण्यानं धुवून टाका, पण कडप्प्याला लिंबू लागू देऊ नका, आणि बाथरूमचं ॲसिड तर दोघांनाही नको. कडप्पा म्हणजे चुनखडीच, ॲसिड पडलं की बुडबुडे येतात आणि चकाकी जाते ती परत येत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी नळ उघडलात तर पहिलं पाणी चटका देणारं येतं, पाइप तापलेला असतो, ते रोपांना घालू नका, बादलीत धरा.

खर्च, गवंड्याची मजुरी सोडून, जुनं सिंक मिळालं तर माझ्या हिशेबानं पाच-सहा हजारात सामान बसतं, नवीन ३०४ घेतलंत तर वर दोन-तीन हजार धरा. कडप्पा आणि सिंक यातच जास्त जातात, पाइपांना फार लागत नाही. सामान बोहरी आळीत, हार्डवेअरच्या बाजारात, एका फेरीत मिळतं, फक्त गाडी घेऊन जाऊ नका.

पावसाळ्याच्या आधी एक कराच, सिंकची जाळी काढून तिथं नुसती मोठ्या भोकांची चकती ठेवा. बारीक जाळीवर कडुनिंबाची पानं बसली की सिंक काठोकाठ भरतं आणि तेच पाणी आठवडाभर डासांना. किंवा वर एक जुना लाकडी पाट आडवा टाकून ठेवा, आमच्याकडं तेच आहे, त्यावर मांजर झोपतं.

तर सध्या सामान आणू नका. या शनिवारी खड्डा घ्या, रविवारी सकाळी दुसरं पाणी ओतून वेळ बघा, आणि किती मिनिटांत इंचभर उतरलं आणि खणताना माती निघाली, मुरूम निघाला की राडारोडा, एवढं मला कळवा. त्यावर शोषखड्डा की गली ट्रॅप ते ठरेल, मग पाइप किती फूट आणायचा ते सांगतो.